पहिला ब्रेक थंडच असतो

जुलैमधल्या एखाद्या सकाळी, रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या अलॉय व्हीलमधून आत डोकावून बघा. काल संध्याकाळी आरशासारखी चकचकीत असलेली ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, केशरी झालेली दिसेल. डिस्क बिडाची असते आणि उघड्या बिडाला गंज धरायला पुण्याच्या पावसाळ्यातली एक रात्र पुरते. गाडी हलवली की मागच्या चाकांतून ‘खट्’ असा आवाज येतो. हँडब्रेकने रात्रभर डिस्कवर दाबून धरलेले ब्रेकचे पॅड गंजाबरोबर तिला चिकटलेले असतात, ते सुटतात. गाडी पार्किंगच्या उतारावरून गेटपाशी येते, वॉचमनकाका गेट उघडेपर्यंत थांबावं लागतं, आणि तिथे दिवसातला पहिला ब्रेक लागतो. डिस्क तेवीस-चोवीस अंशांवर, वर पाण्याचा पापुद्रा, खाली गंजाचा थर, आणि गेटबाहेर हँडलला दुधाच्या पिशव्या लटकवून आडवी आलेली स्कूटर.

ब्रेक पॅड निवडताना हा प्रसंग कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो. ऑक्टाव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय, बीएमडब्ल्यूची एम३४०आय, मिनी कूपर एस अशी एखादी गाडी दारात आली की मन थेट खंडाळ्याच्या वळणांवर नाहीतर कोइमतूरच्या ट्रॅकवर पोहोचतं. खोक्यावर छापलेला ८०० अंशांचा आकडा मोहात पाडतो. वर्षातले उरलेले दिवस ती गाडी हिंजवडीच्या रांगेत दुसऱ्या गिअरमध्ये काढणार आहे, हे तेवढ्यापुरतं विसरलं जातं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो: रोज चालणाऱ्या गाडीचे पॅड तिच्या सगळ्यात थंड ब्रेकवरून निवडावेत. गरम ब्रेकची सोय करायला ब्रेक ऑइल आहे, गिअर आहेत, डोकं आहे. थंड ब्रेकला पॅडशिवाय कुणी वाली नाही.

थोडं गणित मांडू, म्हणजे थंड आणि गरम म्हणजे किती ते कळेल. माणसं धरून गाडी दीड टनाची समजा. ती ताशी ३० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे ५२ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकवर पडतो, म्हणजे पुढच्या एकेका डिस्कला १८ किलोज्यूल. दहा किलो वजनाची डिस्क तेवढ्याने जेमतेम ४ अंशांनी तापते, आणि कर्वे रस्त्यावरचा पुढचा सिग्नल येईपर्यंत त्यातले एक-दोन अंश निवतेही. हीच गाडी ताशी १०० वरून थांबवली तर ऊर्जा ५७९ किलोज्यूल. वेग तिपटीहून थोडा जास्त, उष्णता अकरा पट. तरीही एका डिस्कला वाढ ४४ अंशांचीच. शहरातल्या दिवसभराच्या धक्काबुक्कीत डिस्क सहसा शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास घोटाळत राहते.

घाटाचं प्रकरण निराळं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या जवळपास, खोपोली साठेक मीटरवर. साडेपाचशे मीटर खाली उतरताना दीड टनाची गाडी सुमारे ८१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकणार. ताशी १०० वरून चौदा वेळा थांबावं तेवढी. अंतर १५ किलोमीटर आणि सरासरी वेग ५० धरला तर ही अठरा मिनिटं सलग साडेसात किलोवॅट होतात. घरातले दोन किलोवॅटचे जवळजवळ चार गीझर एकदम सुरू करून तेवढा वेळ चालू ठेवल्यासारखं. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच गेली आणि डिस्क मुळीच निवली नाही, तर पुढच्या डिस्क सहाशे अंशांच्या वर जातील. तसं होत नाही, कारण बरीच ऊर्जा टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात खपते, डिस्कही सतत वारं खात असते. उरलेल्यातली किती इंजिनने घ्यायची हे मात्र चालवणाऱ्याच्या हातात असतं. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ट्रक का पेटल्यासारखे वास सोडतात, याचं उत्तरही याच हिशेबात आहे: वजन दहा-वीस पट, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला.

आता एक गैरसमज. ‘भारी पॅड टाकले, गाडी आता लवकर थांबते’ असं सर्रास म्हटलं जातं. एकदाच, जोरात, कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारायचा असेल तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. चांगल्या टायरवर ताशी १०० वरून थांबायला ४३ मीटरच्या आसपास लागतात. पॅड एबीएसला, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, जागं करण्याइतका जोर देत असेल, तर त्याहून महागडा पॅड ते अंतर कमी करू शकत नाही. टायर पाच वर्षांचे झाले असतील तर पॅडचे पैसे तिकडे वळवावेत. पॅडच्या हाती असतं ते वेगळंच: पाय किती दाबावा लागतो, दाबाच्या प्रमाणात ब्रेक वाढतो की एकदम पकडतो, थंड आणि ओल्या डिस्कवर काय होतं, दहाव्या ब्रेकला काय होतं, आवाज, आणि चाकावर बसणारी काळी भुकटी.

पॅडचं मिश्रण हा मोठा खमंग विषय आहे. त्यात तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइट, अपघर्षक पूड असे दहा-वीस घटक फिनॉलिक रेझिनने बांधलेले असतात आणि ते सगळं पोलादी पाठीवर गरम दाबून चिकटवलेलं असतं. एनएओ, म्हणजे ॲस्बेस्टॉस नसलेलं सेंद्रिय मिश्रण, बहुतेक जपानी आणि कोरियन गाड्यांत कंपनीकडूनच येतं. शांत, भुकटी कमी, डिस्क जपणारं. लांब उतारावर मात्र लवकर दमतं. जर्मन गाड्यांत लो-मेटॅलिक मिश्रण असतं. त्यात लोखंडाचा चुरा आणि तंतू असतात. पाय ठेवताक्षणी पकड येते, उष्णता बऱ्यापैकी सोसतं, आणि त्याची किंमत म्हणून पुढची दोन चाकं आठवड्यात काळी होतात. ती भुकटी पॅडची तशीच डिस्कचीही असते. त्यातले लोखंडाचे कण पावसात गंजून अलॉयच्या रंगात रुततात, म्हणून पावसाळ्यात चाकं पंधरा दिवसांतून एकदा तरी धुवावीत.

‘सिरॅमिक’ या शब्दाने बाजारात बराच गोंधळ घातला आहे. रस्त्यावरच्या गाडीचा सिरॅमिक पॅड म्हणजे एनएओचाच सुधारलेला भाऊ, सिरॅमिक तंतू घातलेला. सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याचा काहीही संबंध नाही. एटीई सिरॅमिक किंवा अकेबोनोचे पॅड लावले तर चाकं महिनोन्‌महिने स्वच्छ राहतात. पहिली पकड मात्र लो-मेटॅलिकपेक्षा मऊ लागते, आणि पुण्यात, जिथे समोरचा कधी कुठे वळेल हे त्यालाही ठाऊक नसतं, तो मऊपणा काहींना सहन होत नाही. गाडी मुख्यतः कोथरूड ते बाणेर अशी फिरणार असेल तर सिरॅमिक हा समंजस पर्याय आहे.

त्यापुढची पायरी ‘फास्ट रोड’ पॅडची: फेरोडोचा डीएस२५००, ईबीसीचा यलोस्टफ, हॉकचा एचपीएस या जातीचे. उष्णतेत मूळ पॅडपेक्षा बरेच पुढे, थंडीत चालण्याजोगे. यांतल्या काहींचा सिग्नलला थांबतानाचा किंकाळीसारखा आवाज हा अपघाती दोष समजू नये, तो सौद्याचाच भाग असतो. आणि शेवटी निव्वळ ट्रॅकचे पॅड. त्यांचं मिश्रण दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे कामाला लागेल असंच घडवलेलं असतं. थंड असताना ते डिस्कवर आपल्या मिश्रणाचा थर बसवत नाहीत, तिला खरवडतात. म्हणजे गेटपाशी ब्रेक कमी, आवाज जास्त, आणि डिस्क वर्ष-दीड वर्षात कडेला दांडगी कड धरून झिजलेली. वर्षातून दोनदा चेन्नईला किंवा कोइमतूरला ट्रॅकवर जाणाऱ्याने ते पॅड डिकीत न्यावेत, तिथे बदलावेत, परत येताना पुन्हा बदलावेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

पॅडच्या कडेला एक लांबलचक ओळ छापलेली असते, बहुतेक वेळा पिवळ्या किंवा पांढऱ्या शाईत. तिच्या शेवटी दोन रोमन अक्षरं सापडतात: एफएफ, जीएफ, जीजी. पहिलं अक्षर साध्या तापमानाचा घर्षणांक सांगतं, दुसरं गरम असतानाचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. एवढं वाचता आलं तरी पुष्कळ, पण यात एक गोम आहे. ‘साध्या’ अक्षरासाठी मोजमाप होतं ते साधारण ९३ ते २०४ अंश सेल्सिअस या पट्ट्यात. शिवाय मोजमाप होतं मिश्रणाच्या छोट्या तुकड्यावर, गाडीवर नाही. गेटपाशी चोवीस अंशांवर, ओल्या डिस्कवर पॅड कसा वागेल, याबद्दल ती दोन अक्षरं चकार शब्द काढत नाहीत. त्यापेक्षा कामाचा शिक्का म्हणजे वर्तुळातलं ई आणि पुढे ९०आर. युरोपातल्या आर९० नियमानुसार तपासलेला हा पॅड थंड असताना मूळ पॅडच्या कामगिरीच्या अधिक-उणे १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि गरम ब्रेकचीही वेगळी चाचणी त्याला पार करावी लागते. रोजच्या गाडीसाठी मी हा शिक्का नसलेला पॅड घेणार नाही. ट्रॅकच्या पॅडवर तो सहसा नसतोच, आणि त्यातच सगळं आलं.

ब्रँडवरून फार डोकं शिणवण्याचं कारण नाही. टेक्सटार, एटीई, टीआरडब्ल्यू, फेरोडो, ब्रेम्बो, बॉश यांच्यापैकी कुणाचा तरी पॅड बहुधा गाडी कारखान्यातून निघतानाच बसवलेला असतो. तोच कंपनीच्या डब्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो.

नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवताना मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर विसंबू नये. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलला इंजिनप्रमाणे दोन-तीन मापांचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, असतात. चॅसी नंबरवरून शोधावं, फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर डिकीतल्या किंवा सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवरचा ब्रेकचा कोड बघावा, आणि जुन्या पॅडच्या पाठीवरचा पाच आकडी डब्ल्यूव्हीए नंबर नव्याशी ताडून घ्यावा. तो नंबर पॅडचा आकार सांगतो, मिश्रण नाही. झिजेचा सेन्सर वेगळा असेल तर तोही सोबत घ्यावा. बीएमडब्ल्यू आणि मिनीत तो एकदा डिस्कला घासून तुटला की फेकून द्यायचा असतो, जुना पुन्हा लावला तर डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही. काउंटरवरचा ‘ओरिजिनल देऊ का लोकल?’ हा प्रश्न प्रामाणिक असतो. खरी भीती ओरिजिनलच्या डब्यातल्या लोकलची. शाई बोटाने पुसली जाणं, पाठीवरचा रंग ओघळलेला असणं, चार पॅडांवर चार वेगळे बॅच नंबर असणं, पाठ आणि मिश्रण यांच्यामध्ये नखाएवढी फट दिसणं, यांपैकी काहीही आढळलं तर तिथेच परत करावं. आणि पॅड कायम जोडीने बदलावेत, डावं-उजवं एकत्र. फक्त मागे जास्त पकडीचा पॅड लावणं तर धोक्याचं: जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी धरतात आणि गाडी शेपूट काढते.

नवे पॅड घालण्याआधी जुने नीट वाचावेत. हा माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत रंगतदार भाग आहे आणि गॅरेजमध्ये तो कुणी करत नाही, जुने पॅड थेट भंगारात जातात. चारही पॅड जमिनीवर ओळीने मांडा. आतला बाहेरच्यापेक्षा दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झिजला असेल तर बहुधा स्लायडर पिन, म्हणजे जिच्यावर कॅलिपर सरकतो ती दांडी, अडकली आहे. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही म्हणून बाहेरचा आळशी राहतो. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असेल तर कॅलिपर वाकडा दाबतोय, किंवा पॅडचे कान खाचेत गंजून अडकलेत. पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय म्हणजे पॅड एकदा चांगलाच तापून वरचं रेझिन भाजलं आहे. कडेला केसासारख्या भेगा असतील तर उष्णता त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती, आणि अशा गाडीला खरोखरच वरच्या पायरीचा पॅड लागतो. नुसती मधूनच बारीक चीर, रंग एकसारखा राखाडी आणि झीज सारखी असेल तर मूळ पॅडच पुरेसा होता. तोच पुन्हा घ्या, पैसे वाचले. नव्या पॅडचं मिश्रण दहा-बारा मिलिमीटर असतं. तीन मिलिमीटर उरलं की बदलायची वेळ झाली.

बसवण्याच्या कामात चुका ठरलेल्या असतात. रिझर्व्हायरमध्ये ब्रेक ऑइल काठोकाठ असेल तर पिस्टन मागे ढकलताना ते बाहेर सांडतं आणि रंग खातं, म्हणून आधी थोडं सिरिंजने काढून घ्यावं. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचा पिस्टन स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये आणल्याशिवाय क्लॅम्पने दाबला तर आतल्या मोटरचे दात जातात. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. स्लायडर पिनला सिलिकॉन ग्रीसच लावावं. गॅरेजमधल्या डब्यातलं पिवळं मल्टिपर्पज ग्रीस रबराला फुगवतं आणि वर्षभरात पिन अडकते. मग पुन्हा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. पाठीच्या शिमवर, म्हणजे पातळ पत्र्यावर, आणि कानांवर ब्रेकसाठीच्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा, घासणाऱ्या बाजूला बोटसुद्धा लागू देऊ नये. नव्या डिस्क घालत असाल तर हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने घासून तो अगदी कोरा करा. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरपी बसते, आणि त्या तिरपेपणाचा हिशेब चार-पाच हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंगच्या थरथरीत चुकवावा लागतो. डिस्क जुन्याच ठेवणार असाल तर तिच्या कडेवर कोरलेली किमान जाडी बघा, मायक्रोमीटरने मोजा, आणि जुन्या मिश्रणाचा थर पॉलिश पेपरने उतरवा. लेथवर फिरवून आणलेली डिस्क किमान जाडीच्या खाली जात असेल तर ती भंगाराची. भोकं पाडलेली डिस्क दिसायला देखणी, पण भोकांपासून भेगा सुटतात. रोजच्या गाडीला साधी, आतून हवा खेळणारी डिस्क उत्तम.

आणि सगळं झाल्यावर, चाकं लावून, जागेवरच पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झाल्याशिवाय गाडी हलवू नये. पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिला दाब जमिनीपर्यंत जातो. गॅरेजच्या दारातल्या भिंतींवर हे शिकलेल्यांच्या खुणा असतात.

बसवून झालेले पॅड अजून तयार नसतात. डिस्क आणि पॅड यांच्यातलं घर्षण दोन प्रकारचं: खरवडण्याचं आणि चिकटण्याचं. दुसऱ्यासाठी पॅडच्या मिश्रणाचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो, आणि तो बसतो तो ठरावीक उष्णतेतच. शिवाय नव्या पॅडमधलं रेझिन पहिल्यांदा तापताना वायू सोडतं. तो वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकला की पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. हे पहिल्याच घाटात घडण्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर घडलेलं बरं. रविवारी पहाटे सहाला हिंजवडीच्या फेज तीनकडचे किंवा चाकण एमआयडीसीतले रुंद रस्ते मोकळे असतात. मागे कुणी नाही हे बघून ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवायचा. मग रस्ता परवानगी देत असेल तर ८० वरून १५ पर्यंत, जरा जोरात, आठेक वेळा, एबीएस लागू न देता. प्रत्येक वेळी पुन्हा वेग धरायचा. पूर्ण थांबायचं एकदाही नाही. वास येईल, थोडा धूरही दिसेल. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता गाडी फिरवायची, म्हणजे डिस्क वाऱ्यावर निवते. पॅडसोबत कागद आला असेल तर त्यावरचा क्रम आणि आकडे यांहून वरचढ.

यात मोडता घालते ती एकच सवय. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून थांबून राहणं. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे त्याच्या आकाराचा ठसा उमटतो, थर तेवढ्यापुरता जाड होतो, आणि दर फेरीला तो ठसा पॅडखालून जाताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये याला ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीची डिस्क उष्णतेने सहसा वाकत नाही. जाडीत पंधरा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्याही अंशाचा फरक झाला की थरथर जाणवते. थर ताजा असेल तर वरची प्रक्रिया पुन्हा केली की बरेचदा निघून जातो. डिस्क बदलण्याआधी हा रविवार सकाळचा प्रयोग करून बघावा. घाट उतरून खालापूर टोलनाक्याच्या रांगेत लागताना हेच लक्षात ठेवायचं: पेडल घट्ट दाबून धरू नये, सपाटी असेल तर पाय सोडून गाडी नुसती उभी राहू द्यावी, आणि तापलेल्या मागच्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नये.

आता गरम ब्रेकची सोय, सुरुवातीला कबूल केल्याप्रमाणे. पहिली ब्रेक ऑइलची. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे; ग्लायकॉलपासून बनलेला, हवेतली ओल शोषणारा द्रव आहे. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १५५ ला. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. पॅड आणि पिस्टनमधून उष्णता ऑइलपर्यंत पोहोचली आणि ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. पेडल कडक पण ब्रेक नाही, तर दोष पॅडचा. पेडल मऊ, खोल जाणारं, तर दोष ऑइलचा. हा फरक पाठ करून ठेवण्यासारखा आहे, कारण घाटात विचार करायला वेळ नसतो. दर दोन वर्षांनी, पावसाळ्यानंतर, सगळं ऑइल काढून ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढायची. खर्च पॅडच्या जोडीहून कितीतरी कमी, आणि मूळ पॅड ठेवूनसुद्धा गाडीची घाटातली ताकद यानेच सर्वाधिक वाढते. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नये; नाव सारखं, जात वेगळी.

दुसरी सोय गिअरची. सिंहगडावरून किंवा ताम्हिणीतून उतरताना ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून पाय पेडलवर हलका टेकवत उतरणं ही पॅडवरची सगळ्यात वाईट शिक्षा. दाब हलका असल्याने भास होतो काळजी घेतल्याचा, पण डिस्कला निवायला एक क्षणही मिळत नाही. मॅन्युअल मोडला दुसरा-तिसरा गिअर लावावा, इंजिन ओरडलं तर ओरडू द्यावं. मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर त्याचं काही बिघडत नाही. वेग वाढला की ब्रेक नीट, ठामपणे लावून उतरवावा आणि पाय पूर्ण सोडावा. एवढं केलं तर लो-मेटॅलिकचा मूळ दर्जाचा पॅड आपल्याकडचा कोणताही घाट भरल्या गाडीने मजेत उतरतो. फास्ट रोड पॅड घ्यायचाच असेल तर तो ज्याच्या जुन्या पॅडच्या कडांनी भेगा दाखवल्या आहेत त्याने घ्यावा, आणि आवाजाची तक्रार करू नये.

वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आहे, चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे. ब्रेकचं इतकं शास्त्र या शहराच्या अंगणात असताना पॅडची निवड बहुधा कुणाच्या तरी रीलवरून होते, याची गंमत वाटते.

नवे पॅड घातल्यावर दोनेकशे किलोमीटरनंतर एकदा चाकांआड डोकवा. डिस्कवर काठापासून काठापर्यंत राखाडी, किंचित निळसर, एकसारखी झाक आली असेल तर थर बसला. एखादा पट्टा चकचकीत आणि शेजारचा मळकट दिसत असेल तर पॅड पूर्ण टेकत नाहीये. चाक काढून पिन बघा. ऑइलची पातळी बघा, व्हील बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

पावसाळा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क पुन्हा केशरी झालेली असेलच. ‘खट्’ आवाज होईल, गाडी सुटेल. पार्किंगच्या उतारावरच्या वीस मीटरमध्ये पेडलवर दोनदा हलका पाय ठेवायचा. पहिल्यांदा खरखर येते, दुसऱ्यांदा येत नाही. तोवर वॉचमनकाका गेटच्या कडीपर्यंत पोहोचलेले असतात.